कोल्हापूरहून युरोपात ट्रेनीशिप: जादा २५० युरो कुणाला आणि कधी

तुझा प्रश्न थोडक्यात असा: वडील शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला, आई-वडील दोघंही बारावीच्या पुढं शिकलेले नाहीत, तू इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. युरोपात ट्रेनीशिप (कंपनीत काही महिने काम करत शिकणं) करणाऱ्या गरजू पदवीधरांना महिन्याला २५० युरो जादा मिळतात असं ऐकलंयस. त्याला कोल्हापुरातून थेट अर्ज चालतो का, आणि कुठले दाखले काढून ठेवू?

थेट अर्ज चालत नाही, हे आधीच सांगतो. हे पैसे युरोपियन युनियनच्या इरॅस्मस प्लस योजनेतले आहेत आणि ते वाटते विद्यार्थी शिकत असेल ती युनिव्हर्सिटी. पासपोर्ट भारतीय असला तरी काही अडत नाही, पण प्रवेश योजनेत असलेल्या तिकडच्या युनिव्हर्सिटीत हवा. इथल्या कॉलेजातून जायचं तर त्या कॉलेजचा तिकडच्या युनिव्हर्सिटीशी याच योजनेखाली करार हवा, साधा सामंजस्य करार असून उपयोग नाही. म्हणजे तुझ्यासाठी खरा रस्ता मास्टर्समधून जातो. समजा जर्मनीला गेलास, तर तिथल्या स्टुडंट व्हिसाला ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते असं खातं) वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, ते आत्ताच उभे करायचे आहेत. ट्रेनीशिपचे पैसे दोन वर्षांनी येणार, त्यांच्या जोरावर बँकेचा हप्ता ठरवू नको. आणि इरॅस्मस मुंडुसची, म्हणजे युरोपियन युनियनचीच मास्टर्ससाठीची महिना १,४०० युरोवाली शिष्यवृत्ती मिळाली, तर ती चालू असेपर्यंत हे पैसे नाहीत. युरोपियन युनियनच्या दोन शिष्यवृत्त्या एकदम घेता येत नाहीत.

आता रक्कम. मूळ अनुदान देशागणिक वेगळं. महागड्या देशांसाठी हिशोबाला महिना ६०० युरो धर. त्यावर ट्रेनीशिपचे म्हणून १५० सगळ्यांनाच मिळतात, आणि ‘कमी संधी’ या गटात, म्हणजे योजनेच्या भाषेत गरजूंत बसलास तर आणखी २५०. झाले १,०००. चार महिन्यांचे ४,०००. महिना ३० दिवसांचा धरतात आणि वरचे सुटे दिवस ३०नं भागून मोजतात. दोन निकषांत बसलास तरी २५० एकदाच. कंपनीनं पगार दिला तरी योजनेची आडकाठी नसते, त्यामुळं कंपनीशी पगाराचं बोलायला लाजू नको.

सगळ्यात जास्त मुलं घसरतात ती तारखेवर. पदवीनंतरची ट्रेनीशिप चालते, पण निवड पदवी मिळायच्या आधी, शेवटच्या वर्षात झालेली असावी लागते. हातात पदवी आल्यावर युनिव्हर्सिटीच्या इरॅस्मस ऑफिसात गेलास की गाडी सुटली, मग घरची परिस्थिती कितीही हलाखीची असो. थीसिस रजिस्टर करशील त्याच आठवड्यात अर्ज टाक, कंपनी पक्की नसली तरी आधी ऑफिसला जाऊन विचारून ठेव. दुसरं, पदवीनंतर १२ महिन्यांत ट्रेनीशिप संपली पाहिजे, नुसती सुरू होऊन चालत नाही. पदवी ३० सप्टेंबर २०२८ ला मिळाली आणि सहा महिन्यांचं काम आहे, तर मार्च २०२९ संपायच्या आत रुजू व्हायला हवं. मुदत किमान दोन महिने, कमाल बारा. त्या बारांतून मास्टर्समध्ये याच योजनेतून एक्सचेंजला (दुसऱ्या देशातल्या युनिव्हर्सिटीत शिकायला) घालवलेले महिने वजा होतात. पाच महिने लिस्बनला राहून आलास की उरले सात. कोल्हापुरातली बीईची वर्षं त्यात धरत नाहीत.

‘गरजू’ कोण, हे प्रत्येक देश आपापलं ठरवतो, आणि आपल्याकडची सवय इथं नडते. जर्मनीत घरच्या उत्पन्नाचा दाखला कुणी विचारत नाही. तिथले निकष असे: अपंगत्व किंवा जुनाट आजार, सोबत नेणार असलेलं मूल, आई-वडिलांपैकी कुणीही पदवीधर नसणं, किंवा सहा महिने सलग नोकरी करून शिकणं. या शेवटच्यात निव्वळ कमाई महिना सरासरी ४५० ते ८५० युरोच्या दरम्यान हवी आणि ट्रेनीशिपला जाताना ती नोकरी थांबलेली हवी. तू तिसऱ्या निकषात सरळ बसतोस. वडिलांचा आयटीआय असला तरी बिघडत नाही, ती पदवी नव्हे. पण आईनं बाहेरून बीए पूर्ण केलं असेल तर निकष गेला, ती डिग्री कधी वापरली नसली तरीही. यासाठी युनिव्हर्सिटीच्या फॉर्मवर स्वतःच्या सहीनं लिहून द्यायचं असतं, स्टँप पेपर-नोटरी काही नाही. तरी दोघांची शेवटची गुणपत्रिका स्कॅन करून ठेव. नंतर तपासणी होते आणि खोटं निघालं तर पैसे परत करावे लागतात.

इटलीचं उलट. तिथं घरची ऐपत मोजतात, आणि परदेशी कुटुंबासाठी ‘इझे पारिफिकातो’ नावाचं ऐपतीचं प्रमाणपत्र ‘काफ’ या तिथल्या कर-मदत केंद्रातून काढावं लागतं. त्याला चार गोष्टी लागतात: घरात कोण कोण आहे, उत्पन्न किती, घर किती मोठं, ३१ डिसेंबरला बँकेत शिल्लक किती. वर्ष धरतात दोन मागचं. २०२८ च्या प्रमाणपत्राला २०२६ चे आकडे. घोळ इथंच होतो. आपला तहसीलदाराचा दाखला एप्रिल ते मार्च, त्यांना हवं जानेवारी ते डिसेंबर. वडिलांच्या बारा महिन्यांच्या पगारपावत्या आणि कारखान्याचं त्या कॅलेंडर वर्षाचं पत्र सोबत जोडलंस की प्रश्न मिटतो. घराचं म्हणशील तर सातबारा नको, तो शेतजमिनीचा. गावात ग्रामपंचायतीचा नमुना आठ, शहरात प्रॉपर्टी कार्ड. क्षेत्रफळ चौरस फुटांत असेल तर १०.७६४ नं भाग: ६०० चौरस फूट म्हणजे ५५.७ चौरस मीटर. परदेशातल्या घराची किंमत ते सरसकट ५०० युरो चौरस मीटर धरतात, म्हणजे हे घर त्यांच्या लेखी जवळपास २७,९०० युरोचं. फूट तसेच मीटर म्हणून टाईप झाले की तेच घर तीन लाखांचं होतं आणि तू श्रीमंत ठरतोस! घर आजोबांच्या नावावर असेल तर ते वडिलांच्या खात्यावर चढवू नको. कागदांना आधी राज्य शासनाचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचा शिक्का), मग इटालियन भाषांतर. हे कोल्हापुरात असतानाच उरक, तिकडून भावाला मुंबईच्या फेऱ्या मारायला लावण्यापेक्षा बरं.

जातीचा दाखला यात कुठंच लागत नाही. तो राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीला आणि केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीजला लागतो, पण त्या मास्टर्स आणि पीएचडीसाठी आहेत, ट्रेनीशिपसाठी नाहीत. बसत असशील तर मास्टर्ससाठी त्या आधी बघ, २५० युरोपेक्षा तिथली रक्कम कितीतरी मोठी.

आता व्हिसा. ट्रेनीशिप शिकतोस त्या देशाबाहेर करायची असते. जर्मनीच्या रहिवासी परवान्याच्या कार्डावर इतर शेंगेन देशांत (आपापसांत सीमेवरची तपासणी काढलेले युरोपीय देश) १८० पैकी ९० दिवस फिरता येतं, काम करता येत नाही. युरोपियन मुलं नुसती रेल्वेत बसून जातात, त्यांचं ऐकून निघू नको. ज्या देशात चाललास तिथल्या परवान्याचं कंपनीला आधी विचार आणि त्यासाठी दोन-तीन महिने हातात ठेव. परत जर्मनीत येऊन नोकरी शोधायची असेल तर सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहू नको, कार्ड आपोआप रद्द होतं. पदवीनंतर विद्यार्थ्याचा आरोग्य विमाही संपतो. नवीन आरोग्य, अपघात आणि तृतीय पक्ष विमा (आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा) जायच्या आधी हवा.

लर्निंग ॲग्रीमेंटवर, म्हणजे ट्रेनीशिपच्या करारावर तू, युनिव्हर्सिटी आणि कंपनी अशा तिघांच्या सह्या रुजू होण्याआधी पाहिजेत. कंपनीची सही सगळ्यात उशिरा येते. पैसे बहुतेक ठिकाणी आधी ७०-८० टक्के आणि उरलेले शेवटचा अहवाल भरल्यावर. तेव्हा पदवी झाली म्हणून तिकडचं बँक खातं बंद करू नको. शेवटच्या प्रमाणपत्रावरच्या तारखा स्वतः मोजून घे: १ सप्टेंबर ते २८ ऑक्टोबर लिहिलं तर ५८ दिवस भरतात, किमान मुदत भरत नाही आणि मिळालेले सगळे पैसे परत मागतात. ३१ ऑक्टोबरपर्यंत काम कर आणि तीच तारीख लिहून घे.