नवा कूलर बसवला, तरी आकडा तोच?

प्रश्न : माझ्या संगणकात रायझन ५ ५६०० प्रोसेसर आहे. जानेवारीत एका रात्री, प्रोसेसरसोबत आलेल्याच कूलरवर, मी सिनेबेंच (प्रोसेसरवर पूर्ण भार टाकून त्याला गुण देणारा चाचणी-प्रोग्राम) दहा मिनिटे चालवले, तेव्हा तापमान ८२ अंशांपर्यंत गेले. नंतर चार हीट पाइपांचा टॉवर कूलर विकत घेऊन बसवला आणि मे महिन्यात दुपारी तीच चाचणी केली, तर आकडा ८० आला. दोन अंशांसाठी पैसे वाया गेले असे समजावे का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : आपण दोन आकडे कळवले आहेत, पण ज्याच्यावर निकाल अवलंबून आहे तो तिसरा, म्हणजे खोलीच्या तापमानाचा आकडा, पत्रात नाही. हवेवर चालणारा कोणताही कूलर प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त त्या दोहोंमधले अंतर कमी करतो, आणि खोली एक अंशाने तापली की प्रोसेसरही साधारण तेवढाच तापतो. जानेवारीच्या रात्री आपली खोली २० अंशांवर आणि मेच्या दुपारी ३६ अंशांवर होती असे धरले, तर पहिले अंतर ६२ अंशांचे आणि दुसरे ४४ अंशांचे भरते. म्हणजे फरक दोन नव्हे, अठरा अंशांचा पडला.

हा हिशेब अर्थातच अंदाजाचा आहे. नीट चाचणी करायची असेल, तर एक साधा थर्मामीटर कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला, जिथून हवा आत ओढली जाते तिथे ठेवावा. मोबाइलवर दिसणारे शहराचे तापमान इथे उपयोगाचे नाही. नागपूरकरांना आणखी एक सूचना : मे महिन्यात आपल्याकडे घरोघर ज्याला कूलर म्हणतात तो, पाण्याचा आणि खसाच्या ताट्यांचा, चाचणी सुरू असताना मध्येच लावू नये, नाहीतर श्रेय भलत्याच कूलरला जाईल.

तापमानाइतकीच नोंद पॅकेज पॉवरचीही, म्हणजे प्रोसेसर खेचत असलेल्या विजेचीही, घ्यावी. एचडब्ल्यूइन्फो या मोफत प्रोग्राममध्ये दोन्ही आकडे एकाच खिडकीत दिसतात. या प्रोसेसरची मूळ मर्यादा ७६ वॅट आहे, पण बायॉसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) पीबीओ, म्हणजे ही मर्यादा वाढवणारी सोय, चालू असेल तर तो त्याहून बरीच अधिक वीज खेचतो, आणि मग कूलर चांगला असूनही आकडा चढलेला दिसतो. दोन्ही वेळचे वॅट सारखे नसतील, तर अंशांची तुलना करण्यात अर्थ नाही. सिनेबेंचचे गुणही लिहून ठेवावेत, कारण ९० अंशांची कमाल मर्यादा गाठली की प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो. अशा वेळी कूलरचा कमीपणा तापमानात नव्हे, गुणांत दिसतो.

आवाजाचा उल्लेख आपण केलेला नाही. माझ्या मते टॉवर कूलरवर पैसे खर्च करण्याचे अर्धे कारण तेच असते. जुना छोटा पंखा पूर्ण वेगाने घोंघावत जे काम करत होता, ते नवा मोठा पंखा कमी फेऱ्यांत करत असेल, तर अंश सारखे येऊनही लाभ झालेलाच आहे.

एकाच दिवशी दोन्ही कूलर तपासणे सर्वांत खात्रीचे, मात्र काढताना जपावे. एएम ४ सॉकेटमधला (मदरबोर्डवरच्या खाचेतला) हा प्रोसेसर १,३३१ बारीक पिनांवर उभा असतो आणि प्रोसेसर व कूलर यांच्यामध्ये उष्णता वाहून नेण्यासाठी लावलेली पेस्ट थंड असताना कूलरला घट्ट धरून ठेवते. सरळ वर ओढल्यास प्रोसेसरही कूलरला चिकटून बाहेर येतो आणि पिना वाकतात. म्हणून आधी पाचेक मिनिटे चाचणी चालवून पेस्ट गरम होऊ द्यावी, संगणक बंद करून वायर काढावी, स्क्रू सोडवावेत आणि कूलर डावीकडे-उजवीकडे हलकेच फिरवत सुटू द्यावा. पुन्हा बसवताना जुनी पेस्ट पुसून दर वेळी नवी लावावी. नव्या कूलरच्या तळावरची पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी काढायला पुष्कळजण विसरतात. पण आपला ८० चा आकडा पाहता आपण ती काढलेली असावी.