पडद्यावर वन्समोअर मिळत नाही

प्रिय मित्रा,
सप्रेम आशीर्वाद.

तुझ्या संगीतपटाची संहिता दोनदा वाचली. कीर्तनकाराच्या भूमिकेला तो बडा नट मिळाला तरच चित्रपट करायचा, असे तू लिहिले आहेस. त्यावर मत देण्यापूर्वी प्रभात फिल्म कंपनीचे दोन चित्रपट पाठोपाठ पाहायला सांगतो.

१९३५ साली व्ही. शांताराम यांनी ‘धर्मात्मा’त एकनाथांची भूमिका बालगंधर्वांना दिली. मराठी मुलखात तेव्हा त्यांच्याहून मोठे नाव नव्हते, तरीही प्रभातशी त्यांची भागीदारी त्या एका चित्रपटावरच थांबली. चित्रपट टाकाऊ होता असे मी म्हणणार नाही. पण ज्यांचे पद समोरच्या रसिकांच्या वन्समोअरनिशी फुलत जाई आणि ज्यांना लोकांनी शालू-दागिन्यांत डोक्यावर घेतले होते, त्यांना पुरुषवेशात, मोजून कापलेल्या फिल्मच्या लांबीत गावे लागले. कीर्ती तीच होती, तिला फुलवणारे नाट्यगृह मात्र समोर नव्हते.

पुढच्याच वर्षी दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ आला आणि मुंबईत वर्षभराहून अधिक काळ चालला. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवातही तो गौरवला गेला. त्यात तुकाराम झालेले विष्णुपंत पागनीसही रंगभूमीवर स्त्रीभूमिका केलेलेच, पण बालगंधर्वांचे वलय त्यांच्याभोवती नव्हते. चित्रपटाची सुरुवात नीट पाहा. तुकाराम स्वतःशीच गुणगुणावे तसा अभंग गातो, आणि तोच अभंग त्याचा प्रतिस्पर्धी सालोमालो स्वतःच्या नावावर खपवून देवळात नाटकी थाटात, ताना घेत गातो. तुझ्या मनातला सगळा वाद दिग्दर्शकांनी तिथे अवाक्षर न बोलता मिटवून टाकला आहे. (शांताराम आठवल्यांनी या चित्रपटासाठी लिहिलेले ‘आधी बीज एकले’ अनेकांना तुकोबांचेच वाटते, ते उगीच नव्हे.)

तरीही मला विचारशील तर तो चित्रपट तोलून धरला आहे गौरीने साकारलेल्या आवलीने, म्हणजे तुकारामाच्या बायकोने. विठ्ठलाला शिव्या घालणारी, म्हशीची आणि पोराबाळांची काळजी वाहणारी ही बाई शेवटी वैकुंठाचे आमंत्रणही नाकारते, कारण घर कोण सांभाळणार? तिच्या त्राग्यामुळेच तुकारामाच्या शांतपणाला किंमत येते. तुझ्या संहितेत कीर्तनकाराच्या बायकोला चार वाक्ये आहेत, आणि त्यांतली दोन ती आरतीचे ताट हातात धरून बोलते. एवढी जागा मोकळी ठेवलीस तर ती भरायला तुला नटाचे नाव लागणारच.

तो नट घेऊ नकोस, असे माझे म्हणणे नाही. आधी तिसऱ्या गाण्याआधीचा नवरा-बायकोचा प्रसंग नव्याने लिही, आणि ते गाणे ठेक्याशिवाय, नुसत्या एकतारीवर, एखाद्या अनोळखी गळ्याकडून म्हणवून घे. दोन्ही माझ्याकडे पाठव. त्या नटाकडे त्यानंतर जा.

तुझा,
काका