परराष्ट्र करार करायला सरकारला संसदेची मंजुरी लागते का?

साधारणपणे नाही. करार करणं हा केंद्र सरकारचा अधिकार (राज्यघटनेचं कलम 73, संघ सूचीतली म्हणजे केंद्राच्या विषयांच्या यादीतली नोंद 14). अमेरिकेत सिनेटची दोन तृतीयांश संमती लागते, तसं आपल्याकडे काही नाही. 2008 च्या अमेरिकेबरोबरच्या अणुकरारावर लोकसभेत मतदान झालं असं अनेकांना वाटतं. पण 22 जुलैचं ते मतदान विश्वासदर्शक ठरावावर होतं, करारावर नव्हे.

संसद अडवू शकते ती अंमलबजावणीत. करारामुळे देशातला कायदा बदलणार असेल तर कलम 253 खाली कायदा करावाच लागतो, मग विषय राज्यांचा असला तरी.

आणि जमीन द्यायची असेल तर थेट घटनादुरुस्ती. बेरुबारी (पश्चिम बंगालमधला भाग, पाकिस्तानला देण्याचा प्रश्न) प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1960 मध्ये हे ठरवून टाकलं. म्हणूनच बांगलादेशबरोबरचा 1974 चा सीमाकरार 2015 च्या 100 व्या घटनादुरुस्तीपर्यंत रखडला. त्यानंतर एकमेकांच्या हद्दीत अडकलेल्या वस्त्यांपैकी 111 तिकडे गेल्या, 51 इकडे आल्या. नुसता सीमेचा वाद मिटवायचा असेल तर मात्र दुरुस्ती लागत नाही (पाकिस्तानबरोबरच्या कच्छ सीमावादावरचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, 1969).

बाकी संसदेच्या हातात उरतात ती प्रश्नोत्तरं, चर्चा आणि 31 सदस्यांची परराष्ट्र व्यवहार स्थायी समिती. समितीच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात, पण तिचे अहवाल वाचण्यासारखे असतात.