सासऱ्यांच्या पेटीतली जुनी मॉडेल इंजिनं – आधी घासू नका

ताई, तुमची पोस्ट वाचली आन् माझ्या काकांची लोखंडी पेटीच डोळ्यापुढं आली. लातूरचं घर रिकामं करताना सासऱ्यांच्या पेटीत मॉडेल विमानांची १४ इंजिनं निघाली, सगळी जाम, काळी पडलेली, आणि कुणाला दाखवायच्या आधी चकाचक करून घ्यावीत का म्हणून विचारायलात. नका करू. बाकी काही नाही ऐकलं तरी चालेल, एवढं ऐका.

काका एनसीसी एअर विंगच्या पोरांना कंट्रोल लाइनची, म्हणजे तारांनी धरून गोल फिरवायची, विमानं शिकवायचे. ते गेल्यावर पेटी माझ्याकडं आली. त्यात ईडी नावाच्या इंग्लंडच्या कंपनीचं 'बी' हे इंजिन होतं, १ सीसीचं डिझेल, हे मॉडेल १९४८ ला बाजारात आलं. मला वाटलं मळकट माल कोण घेणार, म्हणून चिकलठाणा एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये बफिंगला दिलं. त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही की नंबर सांभाळा. "सर, एकदम नवं करून दिलं" म्हणून हातात ठेवलं. आरशासारखं चमकत होतं. पुढं पुण्याच्या एका जुन्या संग्राहकांना फोटो पाठवले तर त्यांचा पहिलाच प्रश्न, नंबर काय आहे? ईडीच्या बऱ्याच इंजिनांवर ठोकलेल्या नंबरावरनं ते कोणत्या महिन्या-वर्षात बनलं ते काढता येतं. मी इंजिन खिडकीपाशी तिरपं धरून नख फिरवून बघितलं, एका आकड्याची अर्धी रेघ लागली बोटाला, बाकी सपाट. ओतकामाचा मूळचा खरखरीत राखाडी पोतही गेला. ती गोष्ट परत येत नाही हो, कितीही पैसे टाका. त्या वर्कशॉपवाल्यावर मी दोन वर्षं चिडून होतो, पण द्यायला गेलो मीच.

आता जाम झाल्याचं. बहुतेक वेळा तो गंज नसतो, आपल्याकडची हवा कोरडी. इंधनात एरंडेल असायचं, ते वर्षानुवर्षं वाळून लाखेसारखं धरतं. पक्कड लावून शाफ्ट फिरवला की कनेक्टिंग रॉड वाकलाच म्हणून समजा. हेअर ड्रायरनं गरम करा, थोडं स्पिरिट सोडा, रात्रभर ठेवा, परत गरम करा, आणि प्रॉपेलर बसवून हातानं हळूच हलवून बघा. चार दिवस लागले तरी लागू द्या.

ओळखायचं कसं, तर वरनं बघा. डोक्यावर टी आकाराची छोटी दांडी असली की डिझेल (पंपावरचं डिझेल नाही, ईथर-रॉकेल-एरंडेल). ती दांडी पिळून बघू नका. बारीक तारेचा प्लग असला की ग्लो इंजिन, हे १९४७ नंतरचं. खरा स्पार्क प्लग आणि ठिणगीसाठीचे पॉइंट असले तर ते वेगळंच प्रकरण, बहुधा त्याच्याही आधीचं, ते बाजूला काढून ठेवा. आणि ३५ लिहिलंय म्हणजे ३५ सीसी नव्हे, ०.३५ घनइंच, साधारण पावणेसहा सीसी. मिल्स ७५ (इंग्लंडचं डिझेल, इथं मात्र ७५ म्हणजे ०.७५ सीसी) सारखं दिसलं तर लगेच हुरळू नका, त्याची नक्कल आपल्याकडं भारतातही बनायची. ऑरोरा लिहिलं असेल तर ते कलकत्त्याचं.

किमतीबद्दल मी काही व्हॅल्युअर नाही, चूक असेल तर जाणकारांनी सांगावं. पण माझं स्पष्ट मत, ऑनलाइन कुणी मागितलेली किंमत बघून हिशोब करू नका, विकलं गेलं त्याचा आकडा बघा. मूळ निडल (इंधन कमी-जास्त करायची सुई), टाकी, प्रॉपेलरचा नट हे सुटे भागही मोलाचे, आणि पुठ्ठ्याचं खोकं अन् माहितीपत्रक असेल तर फारच. रद्दीवाल्याला अजून काही दिलं नसेल तर आजच थांबवा. मी तिथंपण चुकलोय.

हां, पेटीत जुन्या इंधनाची बाटली असेल तर झाकण उघडायला जाऊ नका, हलवूही नका. जुनं ईथर स्फोटक होऊ शकतं. पोरांना लांब ठेवा आणि कुठल्यातरी केमिस्ट्रीच्या सरांना विचारून मगच हात लावा.

प्रत्येक इंजिन वेगळ्या पिशवीत ठेवा, चिठ्ठी टाका, आणि फोटो इथं टाका. लाकडावर बसवायच्या ज्या दोन पट्ट्या असतात ना, त्यांचा वरनं-खालनं जवळून, सकाळच्या तिरप्या उन्हात. नंबर तिथंच सापडण्याची शक्यता जास्त.