बाल्कनीतलं ब्रह्मकमळ आणि हेमकुंडचं ब्रह्मकमळ

उत्तराखंडच्या गढवालमधल्या औली, घांगरिया, हेमकुंड सरोवर या भागातल्या फुलांविषयी आणि पक्ष्यांविषयी बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : आमच्या ठाण्याच्या बाल्कनीत ब्रह्मकमळ दर पावसाळ्यात रात्री फुलतं. हेमकुंडला दिसतं ते हेच का? तिकडून एखादं रोप आणलं तर जगेल का?

उत्तर : नाव तेवढं एक, बाकी दोघांचं काही नातं नाही. तुमच्या कुंडीतलं झाड निवडुंगाच्या कुळातलं, मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. पान म्हणून आपण मातीत खोचतो ती खरं तर चपटी फांदी असते. तिच्याच कडेवर कळी धरते, फूल रात्री उमलतं आणि सकाळी मान टाकतं.

हिमालयातलं ब्रह्मकमळ सूर्यफुलाच्या कुळातलं. शास्त्रीय नाव सॉसुरिया ऑबव्हलाटा, उत्तराखंडचं राज्यफूल. दुरून पाकळ्या वाटणारी फिकट पिवळसर, बटरपेपरसारखी पातळ आवरणं ही सहपत्रं, म्हणजे फुलाभोवतीची बदललेली पानं असतात. वाकून त्यांच्या फटीतून आत पाहा. तळाशी गर्द जांभळे गुच्छ दिसतील, ती खरी फुलं. सहपत्रांतून ऊन आत जातं आणि ऊब आत कोंडून राहते, पावसाने परागही भिजत नाहीत. झाडाने स्वतःभोवती बांधलेलं काचघरच ते! हे दिवसाही उघडं असतं आणि बरेच दिवस टिकतं.

रोप मात्र आणू नका. वर्षातले कित्येक महिने बर्फाखाली झोपणारं हे झाड ठाण्याच्या उकाड्यात तग धरणार नाही. राष्ट्रीय उद्यानातून कोणतीही वनस्पती उपटणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. वाटेत कुणी तोडलेलं फूल विकत देऊ केलं तरी घेऊ नये अशी कळकळीची विनंती. बी धरण्याआधी तोडलेलं प्रत्येक फूल पुढच्या वर्षांची रोपं घेऊन जातं.

प्रश्न : ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात औलीला चार दिवस मुक्काम आहे. सोबत ६८ वर्षांची आई आहे. ब्रह्मकमळ आणि निळी पॉपी औलीतच दिसेल ना?

उत्तर : औलीत ब्रह्मकमळ दिसणार नाही. औली साधारण २,५०० ते ३,००० मीटरवर आहे आणि ब्रह्मकमळ ३,७०० च्या वरचं. दर हजार मीटरला तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरतं, त्यामुळे एवढ्या फरकाने वनस्पतींचं सगळं जगच बदलतं. औलीभोवती देवदार आणि खरसू ओक आहेत. झाडं संपतात तिथून बुग्याल, म्हणजे उंचावरची कुरणं, सुरू होतात. वाढीच्या दिवसांतलं सरासरी तापमान सहा अंशांच्या आसपास आलं की झाडाला नवं लाकूड तयार करता येत नाही. गवत आणि बुटकी झुडपं जमिनीलगतच्या उबेवर निभावून नेतात.

तरी औली वाया जाणार नाही. वरच्या टोकापासून सुमारे तीन किलोमीटरवर गोरसों बुग्याल आहे. ऑगस्टमध्ये तिथे जांभळट जिरेनियम, स्ट्रॉबेरीसारख्या पानांची लाल पोटेंटिला आणि पेडिक्युलॅरिस ही रानफुलं शोधा. पेडिक्युलॅरिसची मुळं शेजारच्या गवताच्या मुळांना चिकटून त्यातलं अन्नपाणी ओढतात. म्हणून ते खणून कुंडीत लावलं तर मरतं.

ब्रह्मकमळासाठी मुक्कामाचा हिशेब बदला. जोशीमठहून गोविंदघाट सुमारे २० किलोमीटर, तिथून पुलनापर्यंत गाडी, पुढे नऊ-दहा किलोमीटर चालून घांगरिया (सुमारे ३,०५० मीटर). दुसऱ्या दिवशी व्हॅली ऑफ फ्लॉवर्स (फुलांच्या दरीचं राष्ट्रीय उद्यान), तिसऱ्या दिवशी हेमकुंड, चौथ्या दिवशी परत. निळी पॉपी दोन्ही वाटांवर खडकांच्या आडोशाला मिळते. देठ काटेरी, पाकळ्या आकाशी, मधे पिवळे पुंकेसर. जोराच्या सरीने पाकळ्या गळतात, म्हणून सकाळी लवकर पोहोचा. ब्रह्मकमळं हेमकुंडच्या शेवटच्या चढाला आणि सरोवराभोवतीच्या खडकांत आहेत.

आईंसाठी घांगरियापर्यंत आणि हेमकुंडला खेचर मिळतं. व्हॅलीच्या आत खेचरांना बंदी आहे, तिथे पाठीवर कंडी (माणसाला बसवून नेायची टोपली) घेणारा माणूस लागतो. हेमकुंड सुमारे ४,३०० मीटरवर आहे, म्हणजे घांगरियाहून एका दिवसात १,२०० मीटरहून जास्त चढ. खेचरावर बसल्याने पाय वाचतात, विरळ हवेचा त्रास वाचत नाही. डोकं ठणकून मळमळ सुरू झाली तर सरोवर राहू द्या आणि लगेच उतरा. रक्तदाबाचं औषध चालू असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. ऑगस्टमध्ये दरडी कोसळतात, दोन दिवस हाताशी राखून ठेवा. औलीचा रोपवे जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचल्यापासून बंद आहे, तेव्हा रस्ताच धरून चाला.

प्रश्न : मोनाल पक्षी कुठे आणि कसा पाहावा? दोनदा जाऊनही दिसला नाही.

उत्तर : बहुतेक लोक नाश्ता करून निघतात, तोवर मोनाल झुडपात शिरलेला असतो. उजाडताना जंगल जिथे संपतं त्या कडेला गप्प उभे राहा. ताजी उकरलेली माती दिसली की जवळपास आहे असं समजा. चोचीने खणून तो कंद आणि किडे काढतो. उतारावर ओरडत खाली झेपावणारा, पाठीवर पांढरा डाग असलेला पक्षी म्हणजे नर. मादी तपकिरी, गळ्याशी पांढरी. ती समोर असूनही लोकांच्या नजरेतून सुटते, कारण सगळे रंगीत पक्षी शोधत असतात. हिवाळ्यात मोनाल खालच्या जंगलात उतरतात.

मोनालच्या शोधात गढवालमधल्याच तुंगनाथ मंदिराच्या वाटेवर गेलात तर दगडांत शेपटी नसलेला उंदरासारखा प्राणी दिसतो, तो पिका. नातं सशाशी. दुपारच्या उन्हात तो दगडांखाली शिरतो, तेव्हा सकाळीच पाहा. त्याला बिस्किटं टाकू नका. तो पानं आणि गवत खाऊन जगतो.

प्रश्न : घांगरियाच्या जंगलात सापाच्या फण्यासारखं फूल दिसलं. काय असेल?

उत्तर : अरिसीमा. सह्याद्रीत पावसाच्या सुरुवातीला उगवणाऱ्या आपल्या सापकांद्याचा जवळचा भाऊ. फणा म्हणजे गुंडाळलेलं एकच सहपत्र, फुलं आतल्या दांड्यावर. कुठलाही भाग तोंडात घालू नका, घशाला आग होते. बचनागाची निळी, टोपीसारखी फुलंही याच पट्ट्यात असतात आणि ती जीवघेणी विषारी आहेत. लहान मुलांचा हात धरून चाला.

प्रश्न : बुग्यालवर तंबू टाकायला बंदी का?

उत्तर : ऑगस्ट २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्यालवर रात्रीच्या मुक्कामाला मनाई केली. तंबूखाली गवत पिवळं पडतं, भोवती खणलेल्या चरातून पावसाचं पाणी वाहू लागतं आणि माती सुटते. तिथे वाढीचे महिने चारच, त्यामुळे फाटलेली हिरवळ पुन्हा जुळायला कित्येक वर्षं लागतात. फोटोसाठीही आडवे पडू नका. पायवाटेवर गुडघे टेका, फोन उलटा धरून लेन्स जमिनीजवळ न्या आणि धुक्याने ओली झालेली लेन्स पुसायला सुती रुमाल खिशात ठेवा.