मला मानेच्या मणक्याची सर्जन व्हायचंय

प्रश्न : मी बारावीत आहे. मामाच्या मानेच्या मणक्यात कॉर्डोमाची (हाडात वाढणाऱ्या एका दुर्मिळ कॅन्सरची) गाठ होती. काढल्यावर काही वर्षांनी ती परत आली आणि पुन्हा ऑपरेशन झालं. मला अशाच गाठी काढणारी सर्जन व्हायचंय. घरचे म्हणतात, तोवर तिशी उलटेल. शिवाय माझा हात किंचित थरथरतो. नाद सोडू का?

उत्तर : घरच्यांचं गणित बरोबर आहे. वैद्यकीय पदवी, मग न्यूरोसर्जरी किंवा ऑर्थोपेडिक्स, त्यावर स्पाइनची फेलोशिप; तिशी उलटतेच. मज्जारज्जूच्या आतली गाठ बहुधा न्यूरोसर्जन काढतात, हाडातली दोघंही. त्यामुळे शाखा आज ठरवायची घाई नको.

हाताचं फार मनावर घेऊ नकोस. थोडा कंप सगळ्यांनाच असतो आणि मायक्रोस्कोपखाली हात टेकवून काम करायची सवय शिकताना लागते. अगदी स्वस्थ बसल्यावरही थरथरत असेल तर मात्र डॉक्टरांना दाखव.

परत आलेल्या गाठीचं बरंचसं ऑपरेशन थिएटरबाहेरच ठरतं. आधीच्या व्रणामुळे आत सगळं एकमेकांना चिकटलेलं असतं. रेडिएशन झालं असेल तर जखमही लवकर भरत नाही. मानेच्या मणक्यांमधून मेंदूकडे जाणाऱ्या दोन व्हर्टिब्रल धमन्यांपैकी एकीला गाठीने वेढलं असेल, तर दुसरी एकटी पुरेल का, हे धमनीत छोटा फुगा फुगवून आधीच तपासतात. पुढून मान उघडायची तर ईएनटीचे डॉक्टर स्वरतंतू बघतात. पहिल्या वेळी स्वरतंतू हलवणारी एका बाजूची नस दुखावलेली असू शकते, पेशंटला त्याचा पत्ताही नसतो. तसं असेल तर सर्जन मुद्दाम त्याच व्रणाच्या बाजूने पुन्हा आत जातो. सोपी म्हणून दुसरी बाजू धरली आणि तिथलीही नस गेली, तर पेशंटचा श्वासच अडेल.

कॉर्डोमा न फोडता अख्खा काढणं उत्तम, पण मानेत ते दरवेळी जमत नाही. किती ठेवायचा, उरलेल्यावर प्रोटॉन थेरपी (नेमक्या जागी दिलं जाणारं रेडिएशन) द्यायची का, हाताची ताकद जाऊ शकते हे पेशंटला कसं सांगायचं, अशा प्रश्नांत या कामाचा खरा कस लागतो.

याच टीममध्ये इतरही जागा आहेत. ऑपरेशन चालू असताना मज्जारज्जूचे विद्युत संदेश सतत तपासणारे न्यूरोमॉनिटरिंगवाले असतात, रेडिएशनचा डोस आखणारे मेडिकल फिजिसिस्ट असतात. टायटॅनियमच्या स्क्रूमुळे एमआरआय बिघडतो आणि नवी गाठ त्यात लपू शकते, म्हणून कार्बन फायबरचे स्क्रू घडवणारे इंजिनिअरही आहेत.

एक सावधगिरीची सूचना. अशा केसेस रोज येत नाहीत. बहुतेक स्पाइन सर्जनचा आठवडा सरकलेल्या डिस्क, दबलेल्या नसा आणि फ्रॅक्चर यांतच जातो. एखाद्या सर्जनच्या ओपीडीत दिवसभर बसायची परवानगी मिळते का बघ. पाठदुखीचे पेशंट एकामागून एक येतील. कंटाळा आला की नाही, ते मला कळव.