बाबांवर लिहायचंय, पण सुरुवात कुठून करू?

प्रश्न : बाबा नेव्हीत इंजिनरूममध्ये होते, नंतर कारखान्यात इंजिनियर. मागच्या महिन्यात गेले. लेख लिहायचाय पण नोकरीबद्दल ते कधी बोललेच नाहीत, आम्हाला आठवतं ते फक्त फुल आवाजातला टीव्ही आणि पहाटे चारला उठणं.

उत्तर : अहो मग सुरुवात तिथूनच करा ना! जहाजावर साधारण चार-चार तासांची वॉच (ड्यूटीची पाळी) असते, रात्री बाराची संपते ती पहाटे चारला आणि पुढची चारलाच सुरू होते, ती सवय रिटायर झाल्यावरही अनेकांची सुटत नाही. आणि टीव्हीचं म्हणाल तर इंजिनरूमचा आवाज 100 डेसिबलच्या वर जातो, कानांना 85 च्या पुढे रोज आठ तास म्हणजे धोका, त्यामुळे ऐकू कमी येत असेल तर ते त्यांच्या सर्व्हिसमुळे असू शकतं, तसं लिहा. स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनला आणि मूठ कानाला लावून बेअरिंगचा आवाज ऐकायचे का ते आईला विचारा, जुने इंजिनियर हे हमखास करतात (घरच्या मिक्सरलासुद्धा!). जहाजांची नावं, तारखा सर्व्हिसच्या कागदांत मिळतील, त्या दोन ओळींत उरका. मेडल्सची यादी तर शेवटी टाका. आधी तुमची सायकल कशी दुरुस्त करायचे ते लिहा.